नाणे, कोयता आणि ग्रामसभा : भौतिकशास्त्राच्या मॉडेलमधून समाज किती दिसतो?



आजचा विषय असा : भौतिकशास्त्राची मॉडेल्स माणसांच्या समाजाला लावता येतात का? हा प्रश्न निघाला की दोन प्रकारची माणसे लगेच उत्तर देऊन मोकळी होतात. एक म्हणतात, का नाही? माणूससुद्धा अणूंचाच बनलेला आहे. दुसरे म्हणतात, माणसाला मन आहे, दगडाला नाही, विषय संपला. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे, त्यामुळे दुसऱ्या उत्तराकडे आमचा ओढा असणार असे तुम्ही धरून चालला असाल. पण आज आपण या दोन्ही उत्तरांना जरा बाजूला बसवू आणि आधी इतिहास पाहू. ही मॉडेल्स कोणी, कधी, कशाला लावली? कुठे चालली, कुठे अडली? उदाहरणे शक्यतो घरची घेऊ; अहिल्यानगर जिल्ह्यातली, म्हणजे ज्याला आपण बोलताना अजूनही नुसते नगर म्हणतो तिथली.

वाटेत हरवू नये म्हणून एक प्रश्न हातात धरून ठेवू. मॉडेलमध्ये नेहमी काहीतरी कण असतात. रेणू असेल, तारा असेल, माणूस असेल. प्रत्येक ठिकाणी आपण विचारायचे : या कणाला हे मॉडेल कळते का? आणि कळले तर काय होते?

उधारी कोणी कोणाकडून घेतली?

सुरुवात खगोलशास्त्रापासून करावी लागते. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात. चुका वेडेवाकड्या नसतात. मधल्या आकड्याभोवती त्यांची गर्दी होते आणि दोन्ही बाजूंना ती विरळ होत जाते. घंटेच्या आकाराची ती वक्ररेषा आपण शाळा-कॉलेजात पाहिलेली आहे. बेल्जियमचे आदोल्फ केतले हे खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा त्यांनी उभी केली. त्यांनी हीच रेषा माणसांना लावली. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापे घेतली गेली होती, त्यात त्यांना तीच घंटा दिसली. मग विवाह, गुन्हे, आत्महत्या. दर वर्षीचे आकडे जवळजवळ तेच! तुरुंगांचा आणि फाशीच्या तख्तांचा हप्ता समाज दर वर्षी ठरल्यासारखा भरतो, अशा अर्थाचे ते लिहून गेले. १८३५ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला, त्याच्या उपशीर्षकातच 'सामाजिक भौतिकशास्त्र' हे शब्द होते. ओग्यूस्त कॉम्त हेच शब्द आपल्या नव्या शास्त्रासाठी वापरत होते. केतल्यांनी ते आकडेमोडीला जोडले हे त्यांना रुचले नाही आणि १८३९ मध्ये त्यांनी वेगळा शब्द रूढ केला, तो म्हणजे समाजशास्त्र. आपल्या विद्यापीठांतल्या एका विभागाचे नाव असे एका रुसव्यातून आलेले आहे.

आता गंमत बघा. जॉन हर्शेल यांनी १८५० मध्ये केतल्यांच्या कामावर एक मोठा लेख लिहिला. तो तरुण जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या वाचनात आला. मॅक्सवेलपुढे अडचण वायूची होती : डबीभर हवेत अगणित रेणू, एकमेकांवर आदळणारे, एकेकाचा हिशेब ठेवणार कोण? १८६० मध्ये त्यांनी एकेका रेणूचा नाद सोडून सगळ्यांच्या वेगांचे वाटप मांडले, आणि ते त्याच घंटेच्या घराण्यातले होते. विज्ञानाच्या इतिहासकारांनी हा धागा नीट उलगडून दाखवला आहे. म्हणजे आज आपण समाजावर 'भौतिकशास्त्राची पद्धत' लादली जाते असे म्हणतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे की ती पद्धत माणसांच्या मोजदादीतून भौतिकशास्त्रात गेली होती. परत आली ती नवे कपडे घालून.

तेव्हाच एक तात्त्विक भांडण पेटले. आत्महत्यांचा वार्षिक आकडा ठरलेला असेल तर प्रत्येक आत्महत्या अटळ आहे का? इच्छास्वातंत्र्य गेले का? याचे उत्तर साधे आहे, पण ते ध्यानात राहत नाही. सरासरी समूहाविषयी बोलते. ती कुणा एकाचा हात धरून त्याला ओढत नाही. रोगाची सरासरी जशी रोग्याला औषध देत नाही, तशीच ती रोग्याला मारतही नाही.

कोसंबींचा तराजू

आता मराठी मुलुखात येऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातले कोसबेन हे गाव. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्डला शिकून आलेला हा गणिती १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होता. १९४० च्या आसपास त्यांनी जे केले, ते आजच्या आपल्या विषयाचे सर्वांत चोख उदाहरण आहे. त्यांनी नाणी वजन करायला घेतली.

प्रश्न इतिहासाचा होता. आपल्याकडची सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी, ठोकून छाप उमटवलेली. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही. नुसती चिन्हे आहेत : सूर्य, डोंगर, हत्ती वगैरे. मग आधीचे कोणते, नंतरचे कोणते, कसे ठरवायचे? कोसंबींचा विचार असा. नाणे हातोहात फिरते. प्रत्येक व्यवहारात किंचित झिजते. कधी जास्त, कधी कमी, कधी मुळीच नाही. एकच नाणे किती झिजेल ते सांगता येणार नाही. पण एकाच काळातली शेकडो नाणी घेतली तर दोन गोष्टी सांगता येतात. जितका काळ ती चलनात राहिली तितके सरासरी वजन खाली जाते, आणि तितकाच वजनांचा पसारा वाढतो. नवी नाणी वजनाला एकमेकांसारखी असतात. जुनी झाली की प्रत्येकाचे नशीब वेगळे. मॅक्सवेलच्या रेणूंसारखाच हा विचार आहे. आधी त्यांनी आपल्या काळातली, चलनातली नाणी तोलून हे खरे ठरते का ते पाहिले. मग तक्षशिलेचा साठा घेतला.

तक्षशिलेला भीर टेकडीवर १९२४ मध्ये हजारावर चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची दोन आणि फिलिप अरिडायसचे एक, अशी तीन नाणी होती. त्यामुळे साठा पुरला गेला तो काळ साधारण कळत होता, इ. स. पू. चौथ्या शतकाची अखेर. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक शिक्के असतात. कोसंबींना दिसले की मागचे शिक्के जसे वाढतात तसे सरासरी वजन उतरत जाते. म्हणजे तो शिक्का सजावटीचा नव्हे. ठरावीक काळाने नाणे तपासल्याची ती खूण, आणि तपासणारे व्यापारी, असे त्यांनी मांडले. मुक्या नाण्यांना क्रम मिळाला, आणि चलनाची शिस्त सांभाळणाऱ्या व्यापारी संघांचा समाज त्यातून दिसू लागला.

काही नाणकतज्ज्ञांनी हरकती घेतल्या, आणि त्या बिनबुडाच्या नव्हत्या. सगळी नाणी मुळात सारख्या वजनाची होती कशावरून? सगळी सारख्याच वेगाने फिरली कशावरून? गृहीतक ढळले की निष्कर्षही ढळतो. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने कोसंबींची पकड घट्ट आहे. नाण्याला आपण तोलले जातोय हे कळत नाही. झिजायचे की नाही हे ते ठरवत नाही. अशा कणाला भौतिकशास्त्राचे मॉडेल बिनधास्त लावावे.

आणि कोसंबी कुठे थांबले तेही पाहा. इतका गणितात मुरलेला माणूस, पण राजवंशांची, जातींची, देवतांची समीकरणे त्यांनी मांडली नाहीत. त्यासाठी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरले, गारगोट्यांची हत्यारे वेचली, चव्हाट्यावरच्या देवींची चौकशी केली, लोकांशी बोलले. तराजू कशासाठी आणि पाय कशासाठी, हे त्यांना ठाऊक होते.

एक कोयता म्हणजे किती माणसे?

नाण्याकडून माणसाकडे येऊ. माणूस स्वतः फिरतो तेव्हा त्याच्या फिरण्याला नियम आहे का? रावेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले. १९४१ मध्ये प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ जॉन क्यू. स्टुअर्ट यांनी विद्यार्थी कोणत्या गावांहून येतात ते पाहिले, आणि गाव जितके मोठे तितके विद्यार्थी जास्त, जितके लांब तितके कमी, असे त्यांना आढळले. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाची आठवण व्हावी असे सूत्र. आजही रस्ते, बसमार्ग, बाजारपेठा यांचे नियोजन करताना गुरुत्व-मॉडेल वापरतात, आणि ते बऱ्याच अंशी चालते.

हे मॉडेल पाथर्डी आणि शेवगाव तालुक्यांना लावून पाहा. दसरा-दिवाळी झाली की इथून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी माणसे बाहेर पडतात. कुठे जातात? काही आपल्याच जिल्ह्याच्या कालव्याखालच्या पट्ट्यात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही पार कर्नाटकात. यात अंतर आहे, आकर्षणही आहे. पण कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाईल हे अंतरावरून काढायला गेलात तर फसाल. ते ठरते उचलीवर. मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ज्याची उचल घेतली त्याच्या मागे जायचे. हंगाम संपेपर्यंत ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षीची दिशाही आत्ताच ठरली. गुरुत्व-मॉडेलमध्ये वस्तुमान असते, अंतर असते, कर्ज नसते. सूर्य पृथ्वीला आगाऊ रक्कम देऊन बांधून ठेवत नाही.

याहून मूलभूत अडचण पुढे आहे. मॉडेल मांडण्याआधी कण कोणता ते ठरवावे लागते. जनगणना माणसे मोजते. मुकादम कोयते मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्याने तोडायचे, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. हिशेबात दोघे मिळून एक. बरोबर आलेली मुले कोणत्याच हिशेबात नाहीत. आता सांगा, कण कोणता धरायचा? माणूस धरला तर व्यवहार दिसत नाही. कोयता धरला तर बाई दिसत नाही. कुठलेही समीकरण मांडण्याआधी, नुसत्या मोजण्याच्या एककातच, कोणाला दृश्य करायचे आणि कोणाला अदृश्य हा निर्णय होऊन गेलेला असतो. तो निर्णय भौतिकशास्त्र करत नाही. तो आपण करतो.

चुंबक आणि बोअरवेल

आतापर्यंतचे कण सुटेसुटे होते. आता कणांमधल्या नात्याकडे वळू. इथे नगरचा भुईकोट किल्ला आडवा येतो. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे कैदेत होते, आणि १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिला. १९४६ मध्ये कोसंबींनी त्यावर परीक्षण लिहिले. लेखकाविषयी आदर ठेवून त्यांची मुख्य तक्रार अशी होती की भारताच्या आत्म्याचा शोध आहे, पण वर्गावर्गांतल्या संबंधांचे विश्लेषण नाही. माणसे कशी आहेत याहून माणसांमधले नाते कसे आहे हे विचारा, असा तो आग्रह होता.

नेहरू किल्ल्यात लिहीत होते त्याच १९४४ साली, तिकडे अमेरिकेत लार्स ओन्सागर यांनी चुंबकाचे एक अवघड गणित सोडवले. मॉडेल जुने होते. विल्हेल्म लेंझ यांनी १९२० मध्ये सुचवलेले, आणि त्यांचे शिष्य एर्न्स्ट आयझिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे. कल्पना सोपी आहे. लोखंडातला प्रत्येक अणू म्हणजे बारीक सुई. वर किंवा खाली. प्रत्येक सुईला वाटते शेजाऱ्यासारखे राहावे. उष्णता त्यांना हलवत राहते. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की चुंबकत्व नाहीसे होते. खाली आणले की परत येते. अणू तेच. बदलले ते नाते आणि उष्णता यांच्यातले पारडे. थोडासा फरक आणि सगळ्या समूहाचा कायापालट, याला अवस्थांतर म्हणतात. मते, फॅशन, बाजारातली घबराट यांना हे मॉडेल पुढे लावले गेले.

समाजशास्त्रात याच्या जवळ जाणारी मांडणी मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये केली. त्यांचे उदाहरण दंगलीचे आहे. आपण ते बोअरवेलचे करून घेऊ. एका गावात शंभर शेतकरी. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे : इतक्या जणांनी बोअर घेतली तर मीही घेईन. एकाचा उंबरठा शून्य, तो कोणाचीही वाट पाहत नाही. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे नव्व्याण्णवपर्यंत. पहिला घेतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा; बघता बघता शंभर बोअर. आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला बोअर घेतो, आणि तिथेच सगळे थांबते. उंबरठ्यांची सरासरी जवळजवळ तीच राहिली. पण एका गावात शंभर बोअर, दुसऱ्यात एक. केतल्यांची सरासरी इथे काहीच सांगू शकत नाही.

आपल्या भागात हे नुसते पाहून केलेले अनुकरण नसते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असते. विहीर वरच्या थरावर जगते. शेजाऱ्याची बोअर दोनशे फूट खाली गेली की माझी विहीर आटते. मग मला अडीचशे फुटांवर जावे लागते. दोन शेतकऱ्यांमधले नाते इथे खडकातून वाहते. चुंबकातल्या दोन सुयांमधल्या नात्याइतके ते खरे आहे. यात कोणी दुष्ट असायला लागत नाही. प्रत्येकाने शहाण्यासारखेच वागायचे, आणि गावाने कोरडे पडायचे. असे चित्र दाखवण्यात भौतिकशास्त्राच्या मॉडेलची मोठी ताकद आहे. माणसांच्या स्वभावाला दोष देणे ते थांबवते आणि रचना दाखवते.

ग्रामसभेत वाचलेले मॉडेल

पण चुंबकातल्या सुया एकत्र बसून ठराव करत नाहीत. माणसे करतात. याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको; नगर शहरापासून जवळच हिवरे बाजार आहे. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस बेताचा, तोही बेभरवशाचा. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचा धडा समोर होताच : नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, पाणी मुरू लागले. हा झाला भौतिकशास्त्राचा सरळ भाग. उतारावरून पळणारे पाणी अडवले की जिरते. तो भाग अनेक गावांनी केला. पाणी आल्यावर काय करायचे, इथे पुष्कळ गावे अडली. पाणी आले, ऊस आला, बोअर आल्या, पाणी गेले.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल नको असे ठरवले. ऊस आणि केळी नको असे ठरवले. आणि पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती उडून गेला, किती मुरला. पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरले त्यात रब्बीला कोणती पिके, किती क्षेत्रावर. यातले गणित शाळकरी आहे. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात चारशे मिलिमीटर पडला तर चारशे कोटी लिटर. आकडा ऐकून माणूस हरखतो. पण वाफ, ओढा आणि मातीचा ओलावा वजा केला की विहिरीच्या वाट्याला थोडेच राहते. हे वजाबाकीचे मॉडेल म्हणजे वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम. याहून निखळ भौतिकशास्त्र कोणते असणार?

आता आपला हातात धरलेला प्रश्न विचारू. या कणाला मॉडेल कळते का? इथे कळते. ते फळ्यावर लिहून त्याच्यापुढे वाचले जाते. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडते. समजा ताळेबंद म्हणाला, असेच चालले तर पाणी मार्चमध्ये संपेल. गावाने ते ऐकले, कांदा कमी केला, ज्वारी-हरभरा वाढवला, आणि पाणी जूनपर्यंत पुरले. भाकीत खोटे ठरले. मॉडेल फसले का? ग्रहणाचे भाकीत वाचून चंद्र वाट बदलत नाही. भाकीत चुकले तर खगोलशास्त्र चुकले. इथे भाकीत चुकणे हेच मॉडेलचे यश आहे. कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी यावर पुष्कळ विचार केला : माणसांविषयी केलेले वर्णन माणसांपर्यंत पोचते, ती बदलतात, आणि मग वर्णनही बदलावे लागते. भौतिकशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यामधला बांध आमच्या मते इथे आहे. 'माणसाला मन आहे' एवढे म्हणून भागत नाही. आपल्याविषयीचा हिशेब माणूस स्वतः वाचू शकतो, आणि चार जणांत बसून त्याला उत्तर देऊ शकतो, हा खरा फरक आहे.

ग्रॅनोव्हेटरची भाषा इथेही उपयोगी पडते. ज्याचा उंबरठा शून्य, असा एक माणूस लागतोच. पण त्याच्यावर थांबू नये. एकाला पाहून उठणारा दुसरा आणि दोघांना पाहून उठणारा तिसरा नसेल तर पहिला एकटाच चर खणत राहतो. आपण पुतळे पहिल्याचे करतो. गाव बदलते ते दुसऱ्या-तिसऱ्यामुळे. आणि हेही विचारायला हवे की ग्रामसभेत कोण बसले होते. ऊसबंदीचा भार जमीनवाल्यावर पडतो, चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्यावर. ताळेबंद कोणाच्या पदरात काय टाकतो, हे पाण्याच्या समीकरणात लिहिलेले नसते.

जोडलेली भांडी

शेवटी मोठ्या प्रमाणावर काय होते ते पाहू. गाव लहान असते. सगळे एका पारावर बसू शकतात. नदीचे खोरे बसू शकत नाही. भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे नगर जिल्ह्यात. गंगापूर, दारणा नाशकात. आणि खाली पैठणला जायकवाडी, मराठवाड्याचा आधार. शाळेत आपण जोडलेल्या भांड्यांचा प्रयोग पाहतो : एका भांड्यात पाणी ओता, सगळ्यांत पातळी सारखी होते. समन्यायी पाणीवाटपाची कल्पना म्हणजे खोऱ्यातली धरणे जोडलेली भांडी आहेत असे मानणे. निसर्गाने ती तशी केलेली नाहीत. वरचे भांडे आधी भरते आणि खालच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून कायद्याने नळी जोडायची. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या तुटीची झळ सगळ्यांनी वाटून घ्यावी असे तत्त्व आले. २०१३ च्या मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक केले : १५ ऑक्टोबरला, खरिपातला वापर हिशेबात धरून, जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे. वाद न्यायालयात गेला. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली.

त्यानंतर तुटीच्या वर्षी काय होते ते आपण पाहतो. पाणी सोडायची वेळ आली की इकडे मोर्चे, तिकडे मोर्चे. वरचे म्हणतात, कोरड्या पात्रातून पाणी सोडले की अर्धे वाटेतच जिरते, आणि आमची उभी पिके जातात. खालचे म्हणतात, वर धरणे बांधून तुम्ही आमची नदीच अडवली. दोघांच्या म्हणण्यात भौतिकशास्त्रही आहे आणि न्यायही. ६५ चा आकडा योग्य की कमी हवा, हा वाद चालूच आहे. आणि नियम माहीत झाला की १५ ऑक्टोबरच्या आधी कालवे कधी सोडायचे, कोणता वापर कसा मोजायचा, याकडे लक्ष जाणारच. यात कोणाचा लबाडपणा शोधायला नको. भांड्यांना नियम वाचता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग हिवरे बाजारचा ताळेबंद पचतो आणि खोऱ्याचे कोष्टक का पचत नाही? गणित दोन्हीकडे जवळजवळ तेच आहे. फरक असा की एका ठिकाणी ज्यांच्यावर हिशेब लागू होतो त्यांनीच तो मांडला. दुसऱ्या ठिकाणी तो तज्ज्ञांनी मांडला, न्यायालयाने तपासला, आणि दोन बाजूंच्या शेतकऱ्यांपर्यंत तो पोचला तो आदेश म्हणून. संगमनेरचा शेतकरी आणि पैठणचा शेतकरी एका सभेत, एका फळ्यासमोर, अजून बसलेले नाहीत. तज्ज्ञांची गरज नाही असे आम्ही म्हणत नाही. कोष्टक नसते तर खालच्याच्या हातात काहीच नव्हते. पण कोष्टक म्हणजे सभा नव्हे.

तीन प्रश्न

आता आवरते घेऊ. इतिहासातून आपल्याला काय मिळाले? भौतिकशास्त्राचे मॉडेल समाजाला लावणे हे पाप नाही आणि जादूही नाही. नाण्यांच्या झिजेला ते उत्तम लागते. शेजाऱ्याकडे बघून बोअर घेणाऱ्या गावाला ते आरसा दाखवते. पण तिथून पुढे ते कोणाच्या हाती जाते यावर सगळे अवलंबून आहे.

हे जुन्या काळापुरते नाही. आज आपल्या मोबाईलच्या हालचालींवरून गर्दीची, बाजाराची, मतांची मॉडेल्स तयार होतात, आणि त्यांतले कण आपणच आहोत. म्हणून कोणतेही मॉडेल पुढे आले की तीन प्रश्न विचारावेत. यात मोजायचा कण कोणता धरला आहे, आणि त्यात कोण नाहीसे झाले? कणांमधले नाते कोणते धरले आहे. नुसते अंतर की उचलही? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : ज्यांच्याविषयी हे मॉडेल आहे त्यांना ते वाचायला मिळते का, त्यावर बोलायला मिळते का? पहिल्या दोन प्रश्नांना अभ्यासक उत्तर देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर लोकशाहीनेच द्यायचे आहे.

ज्या समाजाला त्याच्याविषयीचे मॉडेल दाखवलेच जात नाही, त्याच्यावर भौतिकशास्त्र फार छान चालते. माणसे नाण्यांसारखी झिजतात आणि सरासरी बरोबर येते. तेवढ्यावर खूश व्हायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.